बुंदीची शाळा

पुण्यात कुत्रं घेऊन फिरायला निघालं की अनोळखी माणसं थांबवून तीन प्रश्न हमखास विचारतात. "चावत नाही ना?", "जात कुठली?" आणि "ट्रेनिंग दिलंय का?" पहिल्याचं उत्तर 'नाही हो', दुसऱ्याचं 'गावठी' (हल्ली 'इंडी' म्हणायची पद्धत आहे, पण सकाळी बाकड्यावर बसणाऱ्या आजोबांना ते कळत नाही). तिसऱ्याला मात्र जरा थांबावं लागतं, कारण त्याच्या पोटात अजून एक प्रश्न असतो. घरी शिकवलंत की शाळेत घातलं होतंत?

गेल्या वर्षभरात ह्या विषयावर मला इतके सल्ले मिळालेत की एक वेगळा ब्लॉग चालवता येईल. आज शनिवार आहे, रिलीज नाही, ऑन-कॉल दुसऱ्याचा आहे, तेव्हा लिहूनच टाकतो.

तर आमची बुंदी. रंग बुंदीच्या लाडवासारखा, म्हणून नाव बुंदी. अडीच महिन्यांची असताना सोसायटीच्या मागच्या बांधकामावरून जानेवारीत घरी आली. आधी आईचा विरोध, मग आठवडाभरात तिच्यासाठी वेगळी खिचडी, ही जी महाराष्ट्रातल्या घराघरांतली स्टँडर्ड प्रोसेस आहे ती रीतसर पार पडली. सर्वांत जास्त मैत्री बाबांशी. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांना एक हक्काचा श्रोता मिळाला. संध्याकाळी बाबा बाहेरून आले की ही दारातच दोन पायांवर उभी राहून पुढचे पंजे त्यांच्या कमरेला लावायची, ते मान खाजवायचे, आणि मगच चपला काढायचे. हा त्या दोघांचा रोजचा कार्यक्रम होता आणि कुणालाही त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

मे महिन्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेत हॉस्पिटलला पोचलो, त्यामुळे बरंच वाचलं. पण डावा पाय आणि डावा हात कमजोर झाला, जीभ थोडी जड झाली, आणि हातात काठी आली, खाली चार छोटे पाय असतात ती.

आता गंमत बघा. बुंदीच्या बाजूने काहीच बदललं नव्हतं. बाबा दारातून आले की उडी मारायची हे तिला पक्कं माहीत होतं. फरक इतकाच की आता ती सात किलोची नव्हती, सतरा किलोची होती, आणि समोरच्या माणसाचा एक पाय भरवशाचा नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये काही बग नव्हता, रिक्वायरमेंट बदलली होती.

ऑगस्टमध्ये एकदा तिने तशी उडी मारली आणि बाबा तोल जाऊन बाजूला कलंडले. नशिबाने दिवाण होता म्हणून गादीवर पडले. लागलं काहीच नाही, पण घरात पाच मिनिटं कुणी बोललं नाही. रात्री आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "हे बघ, मला ती नकोशी नाहीये. पण मला दोघांतलं एकच सांभाळता येईल."

पर्याय तिने आधीच शोधला होता. जुन्नरच्या बाजूला काकाचा मळा आहे, तिथे पाठवायची. मोकळी जागा, वगैरे वगैरे. ज्यांना जुन्नरचा ऊस माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. त्या उसात बिबटे आहेत. काकाचं आधीचं कुत्रं अंगणातून गेलं होतं, रात्रीत, साखळीसकट. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यामुळेच कुणी ते बोलत नव्हतं. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

आता मुद्द्यावर येतो. कुत्र्याला शिकवायचं म्हटलं की 'घर की शाळा' असे दोनच पर्याय आहेत असं वाटतं. चौकशी सुरू केल्यावर कळतं की 'शाळा' ह्या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे निवासी शाळा. कुत्रं सोडून यायचं, महिना-दीड महिन्याने शिकलेलं कुत्रं घेऊन जायचं. दुसरी, घरी येणारा ट्रेनर. तो येतो, कुत्र्याला खाली पार्किंगमध्ये नेतो, पाऊण तास शिकवतो आणि परत आणून सोडतो. आपण तोपर्यंत वर कॉलवर असतो. आणि तिसरी म्हणजे आठवड्याचा वर्ग, जिथे कुत्र्याबरोबर आपल्यालाही मैदानावर उभं राहावं लागतं. पहिल्या दोन प्रकारांत पैसे देऊन आपली सुटका होते. तिसऱ्यात पैसे देऊन वर घाम गाळावा लागतो. त्यामुळे आपल्यासारख्यांना पहिला प्रकार एकदम पटतो ह्यात नवल नाही. आउटसोर्सिंगवर तर आपलं घर चालतं!

मी शहराबाहेरची एक निवासी शाळा बघून आलो. नाव राहू दे. जागा स्वच्छ होती, कुत्री धष्टपुष्ट होती, आणि डेमो तर असला जबरदस्त की विचारू नका. एक लॅब आणि एक रॉटवायलर, ट्रेनरच्या नुसत्या बोटावर बसत होते, झोपत होते, थांबत होते. मी तिथल्या माणसाला तीन प्रश्न विचारले. कुत्र्याने बरोबर केलं की काय होतं? चुकलं की काय होतं? आणि ह्या पंचेचाळीस दिवसांत आम्ही किती वेळा यायचं?

पहिल्याचं उत्तर, "शाबासकी देतो ना सर." दुसऱ्याचं उत्तर म्हणून त्याने भिंतीवरची चोक चेन दाखवली आणि "थोडं करेक्शन लागतं, मालकाने लीडर व्हायला लागतं" असं सांगितलं. तिसऱ्याला म्हणाला, "तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. शेवटच्या दिवशी अर्धा तास हँडओव्हर असतो."

पंचेचाळीस दिवसांचं काम आणि अर्ध्या तासाचं केटी! ज्यांनी कधी कुणाचा प्रोजेक्ट असा ताब्यात घेतलाय त्यांना पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही.

घरी आल्यावर मी आपला नेहमीचा उद्योग केला, म्हणजे वाचत बसलो. त्यातलं जे कामाचं वाटलं ते थोडक्यात सांगतो.

कुत्र्याला मान आवळून शिकवायची पद्धत पोलीस आणि लष्कराकडून आली. जर्मनीत कोनराड मोस्ट नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने १९१० मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं आणि पुढची कित्येक दशकं बहुतेक शाळा त्याच वळणावर चालल्या. 'लीडर व्हा' हा मंत्र लांडग्यांकडून आला. १९४७ मध्ये रुडॉल्फ श्केंकेल ह्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. बंदिस्त जागेत कोंडलेल्या त्या लांडग्यांमध्ये वरचढ कोण ह्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. डेव्हिड मेक ह्या शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' हा शब्द सगळीकडे पोचला. पुढे ह्याच मेकसाहेबांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळे लांडगे बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई, बाप आणि पोरं. 'अल्फा' म्हणजे फक्त आईबाप. आपलंच जुनं पुस्तक छापू नका म्हणून त्यांनी प्रकाशकाच्या मागे तगादा लावला. मूळ लेखकाने फीचर काढून टाकलं, पण आपल्याकडे अजून जुनीच व्हर्जन चालू आहे.

दुसरी परंपरा प्रयोगशाळेतून आली. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड ह्या जोडप्याने १९४० च्या दशकात प्राण्यांना शिकवायचा धंदाच सुरू केला. बरोबर काम झालं की त्याच क्षणी एक ठरावीक आवाज आणि मग खाऊ. पुढे हवाईमध्ये डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर ह्यांनी ही पद्धत घराघरांतल्या कुत्र्यांपर्यंत नेली, त्यांचं 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक १९८४ चं. मला ह्यातली डॉल्फिनची गोष्ट फार आवडली. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही. रागावलात तर तो पोहत पलीकडे निघून जातो. त्यामुळे त्याला शिकवणाऱ्याला अक्कल वापरण्यावाचून गत्यंतरच नसतं.

बरं, फरक पडतो का? पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराच्या परिसरातल्या सात शाळांमधल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळा खाऊवर शिकवणाऱ्या, काही पट्टा ओढणाऱ्या आणि ओरडणाऱ्या. दुसऱ्या प्रकारच्या शाळांतली कुत्री वर्गात जास्त ताणाखाली दिसली आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल जास्त वाढलेलं सापडलं. त्याआधी २००४ मध्ये इंग्लंडमधल्या ३६४ मालकांकडून माहिती घेऊन झालेल्या अभ्यासातही, बक्षिसावर शिकलेली कुत्री जास्त ऐकतात असंच दिसलं होतं.

पण मला खरा धक्का दिला तो तिसऱ्या एका अभ्यासाने. हाही २०२० चाच, इंग्लंडमधला. पाच आणि आठ महिन्यांच्या कुत्र्यांना 'सिट' सांगून बघितलं. आठ महिन्यांची झाल्यावर कुत्री, सांभाळणाऱ्या माणसाचं 'सिट' पूर्वीपेक्षा कमी ऐकायला लागली. अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती! म्हणजे माणसांच्या पोरांसारखंच की हो. बाहेर सगळ्यांशी गोड, घरी आईला उलट उत्तर. आणि हेही पुढे ओसरतं, हे त्याच अभ्यासात आहे.

आता हे निवासी शाळेला लावून बघा. आठ-दहा महिन्यांचं वांड कुत्रं शाळेत जातं. तिथे परका माणूस सांगतो आणि ते झकास ऐकतं. डेमोला आपण टाळ्या वाजवतो. घरी येतं, आणि चार दिवसांत 'ये रे माझ्या मागल्या'. मग आपण म्हणतो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. बिचाऱ्या शेपटाचा दोष काय? स्टेजिंगवर चाललं आणि प्रॉडक्शनला पडलं, एवढंच.

कारण कुत्रं 'बसणं' असं सुटं शिकत नाही. ते ह्या माणसाने, ह्या जागी, ह्या आवाजात सांगितलं की बसायचं असं शिकतं. जागा बदलली, माणूस बदलला, की त्याच्या दृष्टीने बराचसा धडा नवा असतो.

ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा बाबांच्या फिजिओथेरपिस्टमुळे जास्त कळली. हॉस्पिटलमध्ये सरावाच्या चार लाकडी पायऱ्या असतात, दोन्ही बाजूंना कठडे असलेल्या. त्यावर बाबा व्यवस्थित चढायला लागले होते. घरी आलो आणि आमच्या जिन्याच्या पहिल्याच पायरीला थबकले. त्या पायरीची उंची वेगळी, कठडा एकाच बाजूला, आणि तोही डाव्या हाताला. फिजिओ म्हणाला, "काका, तुमचा पाय हॉस्पिटलचा जिना शिकलाय. आता हा जिना शिकवू." आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी इथे दिवसातून चाळीस मिनिटं असतो. बाकीचे तेवीस तास तुमचे."

मी त्याच रात्री ठरवलं की बुंदी कुठेही राहायला जाणार नाही.

मग आम्ही काय केलं? दर रविवारी सकाळी एका मैदानावर वर्ग, आणि तो वर्ग घेणाऱ्या ताईंना एकदा घरी बोलावलं. ताई आल्या, चहा घेतला, आणि वीस मिनिटं नुसत्या बसून बघत राहिल्या. मी मनातल्या मनात तासाचा दर मोजत होतो. मग त्यांनी विचारलं, "ह्या घरात हिला 'बस' सांगायला किती शब्द आहेत?"

मोजले. मी 'सिट', आई 'बैस गं बये', आणि बाबा 'बस'. पण बाबांची जीभ जड असल्याने ते 'बस' दर वेळी वेगळं ऐकू यायचं. दमलेले असले की अजून वेगळं. पुढे ताईंनी उडीचं गणित मांडलं. ती उडी मारते तेव्हा आई ओरडते, मी धावत येतो, बाबा हाताने ढकलतात. तिघंही तिच्याकडे बघतायत, तिघंही बोलतायत, एक जण हातही लावतोय. तिच्या दृष्टीने पार्टी चालू आहे. आणि ती गुपचूप चटईवर बसलेली असते तेव्हा काय होतं? काहीच नाही.

घराबद्दलची ही गोष्ट निवासी शाळेत कुणाला दिसली असती? आणि आम्हाला तरी कशी दिसणार, आम्ही तर त्याच्या आतच होतो.

आईसाठी आणि माझ्यासाठी 'बस' हा एकच शब्द ठरला. (त्याचा साइड इफेक्ट असा की आई पाहुण्यांना "अरे बस ना" म्हणाली की पाहुण्याआधी बुंदी बसते.) बाबांसाठी ताईंनी शब्दच काढून टाकला. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही बोलू नका. काठी आपटा. दोनदा." बोलणं दमल्यावर बदलतं, काठीचा आवाज तोच राहतो.

हे शिकवायची पद्धत सोपी आहे आणि कुणालाही जमेल. आधी नवी खूण, मग जुना शब्द, मग खाऊ. म्हणजे बाबा काठी दोनदा टेकवणार, टप टप. लगेच मी 'बस' म्हणणार. ती बसली की त्याच क्षणी बाबा तुकडा देणार. हे बऱ्याच वेळा झालं की तिला टप टपनंतर काय येणार हे कळतं आणि ती माझ्या शब्दाची वाट न बघता बसायला लागते. आमच्याकडे हे सहाव्या दिवशी झालं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दहावीला बोर्डात आल्यावर बघितलं असतं. (मी आलो नव्हतो.)

खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, रोजच्या जेवणातून वजा करून. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून पाच वेळा. आणि सुरुवातीला सगळं बाबा खुर्चीत बसलेले असताना. मग टेबलाला धरून उभे असताना. मग हॉलमध्ये चालताना. दार सर्वांत शेवटी. तोपर्यंत हॉलच्या तोंडाशी लहान मुलांसाठी लावतात तसलं फाटक, आणि बाबा उठून चालणार असतील तेव्हा तिच्या पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या हातात. ती चुकणारच नाही अशी व्यवस्था आधी, शिकवणं नंतर. हा क्रम ताईंनी आमच्याकडून दहादा वदवून घेतला.

ह्यात एक गोष्ट कुणीच ठरवली नव्हती. फिजिओने बाबांना खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला होता, दहा-दहाचे तीन सेट. बाबांना त्याचा मनस्वी कंटाळा. आई मागे लागली की चार करायचे आणि "झालं" म्हणायचे. आता बुंदीच्या सरावासाठी उठून उभं राहणं भागच होतं. बाबा उठले की काठी टप टप, की ती बसायची, तुकडा. बाबा बसले की ती उठायची. दोघांचे मिळून तीन सेट कधी झाले ते कळायचंही नाही. एकदा तर मी मीटिंगमध्ये असताना आतून चौथ्या सेटचा आवाज आला.

मी अर्थातच एक्सेल ठेवलं होतं. दाराचा सराव सुरू केला त्या आठवड्यात दहापैकी चार. पाच आठवड्यांनी दहापैकी नऊ. मी मोठ्या अभिमानाने आईला ते दाखवलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "आणि दहाव्यांदा?"

ह्या प्रश्नाला उत्तर नाही. नव्वद टक्के उपलब्धतेवर आपण क्लायंटला सर्व्हर तरी देऊ का? कुठलीही शाळा, कुठलाही ट्रेनर, जिवंत प्राण्याच्या बाबतीत दहापैकी दहाची हमी देत असेल तर तिथून चपला घालून निघावं. आम्ही दहाव्या वेळेसाठी फाटक ठेवलंय. बाबा बाहेरून आले की आधी फाटक बंद, मग दार उघडायचं. आत आले, खुर्चीत टेकले, की फाटक उघडतं आणि मग मान खाजवायचा कार्यक्रम बसून होतो. कुत्र्याला शिकवणं हा फाटकाला पर्याय नाही, आणि फाटक हा शिकवण्याला पर्याय नाही. दोन्ही लागतात.

दिवाळीच्या आधी काकाचा फोन आला. "मग कधी आणताय तिला? मी गाडी पाठवू का?" आई माझ्याकडे बघायला लागली. बाबांनी हात पुढे करून फोन मागितला. हल्ली ते फोनवर बोलायचं टाळतात, समोरच्याला कळत नाही म्हणून. त्यांनी शांतपणे, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "ती. येत. नाही." आणि फोन आईकडे दिला. आईने काकूची चौकशी सुरू केली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे शाळा वाईट आणि घर चांगलं? तसं नाही. घरी मिळू न शकणाऱ्या गोष्टी आहेतच. दहा अनोळखी कुत्री आणि त्यांच्यामध्ये शांत राहायचा सराव घरी कसा होणार? पिल्लांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. स्कॉट आणि फुलर ह्यांच्या १९६५ च्या गाजलेल्या अभ्यासापासून हे माहीत आहे की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं त्याला ते पुढे कमी घाबरतं. 'सगळी इंजेक्शनं होईपर्यंत घराबाहेर काढू नका' हे ऐकून आपण नेमका तोच काळ घालवतो. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं की पहिली लस देऊन सात दिवस झाले की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ जागेतल्या वर्गात न्यायला हरकत नाही. अर्थात आपल्या डॉक्टरांना विचारून, कारण पार्व्हो हा आजार खरोखर वाईट आहे. आणि कुत्रं चावत असेल तर घरच्या घरी प्रयोग नकोतच. आधी डॉक्टर, कुठे दुखतंय का ते बघायला, आणि मग जाणकार माणूस.

निवासी प्रशिक्षण चालतं ते कुठे माहितीये? पोलिसांत. आपल्या पुण्यातच राज्याच्या सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. पण पोलिसांच्या पथकात कुत्रं एकटं शिकत नाही. त्याचा हँडलर त्याच्याबरोबर शिकतो आणि पुढे त्याच्याबरोबरच ड्यूटी करतो. तयार होते ती जोडी. आपण मात्र जोडीतला अर्धा भाग पाठवतो आणि पूर्ण जोडी परत मिळेल अशी अपेक्षा करतो.

तेव्हा शाळा बघायला जाणार असाल तर माझा सल्ला एवढाच. चुकल्यावर काय करता, हे विचारा आणि तो सांगतो ते कुत्र्यावर करताना बघा. बरोबर केल्यावर काय मिळतं, तेही बघा. तिथल्या कुत्र्यांच्या शेपट्या कुठे आहेत ते बघा, ट्रेनर जवळ आल्यावर पोटाखाली जातात का. आणि पट्टा आपल्या हातात किती वेळ देणार, हे नक्की विचारा. ज्या शाळेत तुम्हाला घाम येणार नाही, तिथे तुमच्या घरच्या कामाचं फारसं काही शिकवलं जाणार नाही. आणि घरीच शिकवायचं ठरवलंत तर एकदा तरी कुणा जाणत्याला घरी बोलावून चहा पाजा आणि वीस मिनिटं नुसतं बघू द्या. ते वीस मिनिटांचे पैसे अजिबात फुकट जात नाहीत.

बुंदी अजूनही डिलिव्हरीवाल्यांवर भुंकते, बाइकच्या मागे धावायला बघते, आणि आईची एक चप्पल अजून सापडलेली नाही. एक्सेलमध्ये ह्या सगळ्याच्या ओळी आहेत, प्रायॉरिटी लो. दारासमोरचा प्रश्न हाय होता, तो मीडियमवर आलाय.

असो. आतून टप टप ऐकू येतंय आणि मी तर 'बस' म्हणणारा माणूस, माझी तिथे आता गरजही नाही. पण पट्टा धरायला जायला पाहिजे.

भेटू पुढच्या शनिवारी, रिलीज नसेल तर.